ठोकळ्यांची जिन

नागोराव दुर्गे चाळिशीकडं झुकले होते, तरी पिठाच्या गिरणीत पाऊल टाकत नव्हते. ज्वारीचं दळण सायकलवर आणायचे, गिरणीच्या ओट्यावर ठेवायचे आणि समोरच्या पानठेल्याजवळ जाऊन उभे राहायचे. आत त्यांची बायको कुसुमबाई जायच्या. पट्ट्याची फटफट थांबली की नागोराव परत यायचे आणि डबा उचलायचे. आंध्रातल्या जैनथ गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी त्यांना हसत नसे.

कारण चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यापर्यंत हाच माणूस गावाबाहेरच्या जिनमध्ये फिटर होता. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारे रेचे तिथं रांगेनं उभे होते. जमिनीखालच्या लांब खड्ड्यात एक लोखंडी शाफ्ट दिवसभर फिरायचा. त्याच्यावरून प्रत्येक रेच्याला एक पट्टा वर आलेला. रेच्याला चाकं दोन, शेजारी शेजारी. एक कामाचं, एक रिकामं. पट्टा रिकाम्या चाकावर असला की ते चाक नुसतंच गरगरायचं आणि रेचा उभा राहायचा. लाकडी दांड्यानं पट्टा शेजारच्या चाकावर ढकलला की रेचा चालू. दांडा नागोरावांच्या हातात असायचा. ते ओरडायचे, "सोडू का?" रेच्यावरची बाई ओरडायची, "सोड!" मग दांडा. इतकी साधी रीत होती.

त्या हिवाळ्यात एका दुपारी पंचफुलाच्या रेच्यात ओला कापूस गुंतला. रेचा थांबवला. पंचफुलानं कापूस काढायला हात आत घातला. नागोराव दांड्याला टेकून उभे होते. आणि रेचा चालू झाला.

पंचफुलाचा उजवा हात कोपराखाली गेला.

जिनवाल्यांनी सांगितलं, बाईचा पदर अडकला. बायका आपसात म्हणाल्या, नागोरावनं न विचारता दांडा ओढला. नागोरावांना काहीच आठवत नव्हतं. हात दांड्यावर होता, एवढंच आठवत होतं. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाने, हातोडी, तेलाची पिचकारी सगळं कचेरीत ठेवलं आणि घरी आले. पुढं गावात मंडळाचं सरकारी ऑफिस निघालं, तिथं अटेंडर म्हणून चिकटले. फायली उचलायच्या, साहेबांना पाणी द्यायचं. फायलीला दात नसतात.

पंचफुलाच्या घरावरून जाणारा रस्ता त्यांनी सोडला तो सोडलाच. बाजाराला जाताना लांबून, ओढ्याकडून जायचे.

अशी सहा वर्षं गेली. मग कुवेतची लढाई लागली आणि तिथं कामाला गेलेला कुसुमबाईंचा भाऊ मोतीराम परत आला. वाळवंट, तंबू, विमान, मुंबई, रेल्वे असं करत तो एका पिशवीनिशी दारात उभा राहिला. वाळून काटकी झाला होता.

"जयभीम भाऊजी," तो म्हणाला आणि पिशवी खाली ठेवून मटकन बसला.

कुसुमबाई रडत रडत भाकरी थापायला लागल्या. लोकांचे भाऊ सोनं आणतात, टेपरेकॉर्डर आणतात. मोतीरामच्या पिशवीत दोन कपडे आणि एक प्लास्टिकचा डबा होता. डबा उघडला तर आत रंगीत ठोकळे. भोकं असलेल्या लांब पट्ट्या. काळ्या दांड्या. लहानमोठी दातेरी चाकं. एक बोटभर मोटार आणि सेलचा डबा.

"हे काय आनलं रे बाप्पा?" कुसुमबाई म्हणाल्या. "लढाईतून खेळनं आनते का कोनी?"

"मालकाच्या पोरानं देल्लं. ते गाडीत बसून पळून राह्यले होते. पोरगं रडे. डबा गाडीत माईना. माह्या हातात देल्ला न् गेले." मोतीरामनं डब्याच्या झाकणावरून हात फिरवला. "फेकाले जीव नाई झाला."

नागोराव पुढं सरकले. त्यांनी दोन ठोकळे उचलले आणि एकमेकांवर दाबले. कट् असा आवाज झाला.

तो आवाज त्यांना माहीत होता. लहानपणी ते कागजनगरला होते. बाप तिथल्या कागद कारखान्यातल्या साहेब लोकांच्या बंगल्यावर वॉचमन. एक परदेशी इंजिनिअर गाव सोडून गेला आणि त्याच्या पोराचा ठोकळ्यांचा खोका बापानं उकिरड्यावरून उचलून आणला. नागोच्या हातात तो खोका पडला आणि पोरगं खेळायला बाहेर जाईना. घरं बांधायचं, पाडायचं, गाड्या करायचं, पूल करायचं. मिसरूड फुटायच्या आधीच एक दिवस बापानं तो खोका मावशीच्या पोरांना देऊन टाकला. "आता हातात पाना धर," म्हणाला. नागोनं पाना धरला. चांगला धरला. फिटर झाला.

आता दोन ठोकळे हातात घेऊन ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी तिसरा उचलला.

पहिल्यांदा एक गाडी झाली. मग रहाट झाला. तो दातेरी चाकावर फिरायचा आणि दोऱ्यानं वाटी वर ओढायचा. मग ट्रॅक्टर झाला. त्याचं स्टीअरिंग वळवलं की पुढची चाकं खरोखर वळायची. ऑफिसातून आले की नागोराव हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि चटईवर बसायचे. दोन दाते नीट जुळले नाहीत तर सगळं मोडून पुन्हा लावायचे. कुसुमबाई चुलीपाशी बसून बघत राहायच्या. लग्नानंतर त्यांनी या माणसाला कामात रमलेलं पाहिलं होतं. पण मधल्या सहा वर्षांत ते रूप त्या विसरून गेल्या होत्या.

शेजारच्या विमलबाई एकदा डोकावल्या. "काऊन वं कुसुम, तुह्यावाला मालक बालवाडीत जाऊन राह्यला का?"

"जाऊ दे नं. दारू तं नाई पेऊन राह्यला."

मोटारीला मात्र नागोराव हात लावत नव्हते. ती डब्याच्या कोपऱ्यात तशीच पडून होती. मोतीरामनं सेल आणले, जोडले, पण मोटार हलली नाही. "जळली वाट्टे," म्हणून त्यानं ती बाजूला टाकली. तो हैदराबादला काम शोधायला गेला तरी ती तिथंच होती.

उन्हाळ्यात एका रविवारी नागोरावांनी ती उचलली. वायरीचं टोक आतून सुटलं होतं. त्यांनी ब्लेडनं वायर सोलली, पिळली, जोडली. मोटार भुंगा शिरावा तशी घुंई करून फिरायला लागली. त्यांच्या हातातून ती खाली पडली आणि चटईवर गोल गोल नाचायला लागली. कुसुमबाई धावत आल्या. नवरा भिंतीला पाठ लावून बसला होता, पांढराफटक. आणि हसत होता.

"अवो, काय झालं?"

"चालू झाली," ते म्हणाले.

मग काय करायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. हातांनीच ठरवलं. लांब पट्ट्यांची, चार पायांच्या चौकटीसारखी एक घोडी उभी राहिली. तिच्यावर आडवी काळी दांडी, दांडीला मोटार. वर दुसरी दांडी, तिच्यावर लाकडी रिळांची दोन चाकं शेजारी शेजारी. एक दांडीला घट्ट बसवलेलं, एक सैल. सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी कापून त्यांनी खालून वर चढवली. शेवटी एक लहानसा आडवा दांडा लावला.

कुसुमबाई ताट घेऊन आल्या आणि ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हे तं जिन हाय," त्या म्हणाल्या.

नागोरावांनी मान हलवली.

"मोडा ते. आताच्या आता मोडा."

"दांडा कसा सरकला ते पाहाचं हाय मले. माह्या हाताचा किती धक्का लागला असन ते."

"पाहून काय भेटन तुमाले?"

त्या ताट ठेवून चुलीकडं परतल्या, नागोराव चटईवर वाकले. ट्यूबची पट्टी त्यांनी रिकाम्या चाकावर ठेवली आणि मोटार चालू केली. सैल चाक गरगरत राहिलं, घट्ट चाक उभं. बरोबर. तेवढ्यात बाहेरून ऑफिसचा शिपाई हाक मारू लागला. उद्या किल्ल्या लवकर आणायच्या होत्या, साहेब दौऱ्यावर निघणार होते. दोन शब्द बोलून नागोराव आत आले.

घट्ट चाक फिरत होतं.

"तू हात लावला का याले?"

"मी?" कुसुमबाईंनी पिठानं भरलेले दोन्ही हात वर केले. "मी तं भाकरी थापून राह्यली."

नागोरावांनी पट्टी पुन्हा रिकाम्या चाकावर आणली. मोटार चालू केली. या वेळी हात मागं बांधले आणि नुसतं बघत राहिले. पट्टी आधी जागेवर फिरली. मग केसभर सरकली. पुन्हा केसभर. एखादी गोम भिंतीवरून चालावी तशी ती आपल्या आपण शेजारच्या चाकावर चढली. वरची दांडी फिरायला लागली. दांड्याला कुणीही शिवलं नव्हतं.

ते वाकून घोडीच्या पायांकडं बघू लागले.

सारवलेल्या जमिनीत एका ठिकाणी उंचवटा होता. घोडीचा एक पाय त्याच्यावर आला होता. त्यांनी घोडी उचलून सपाट पाटावर ठेवली. पट्टी रिकाम्या चाकावरून सरकली नाही. सेल उतरत आले तरी सरकली नाही. मग एका पायाखाली काड्यापेटी सरकवली. पट्टी शेजारच्या चाकाकडं चालायला लागली. काड्यापेटी काढली, थांबली. ठेवली, चालली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दसऱ्याच्या आधी जिन बंद असते. नागोराव सात वर्षांनंतर तिच्या फाटकातून आत शिरले. मुनीम सुधाकरराव कचेरीत पान लावत बसले होते.

"अरे, नागोराव? आज सूर्य कुठून उगवला?"

"शाफ्ट पाहाचा होता जरा."

"पहा बापा. तुझाच होता एकेकाळी."

नागोरावांनी गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली होती. दोन टोकांना पाणी सारख्या उंचीवर उभं राहतं. शाफ्ट पेलणाऱ्या एका खांबाला एक टोक लावायचं, दुसऱ्याला दुसरं. ते खांबाखांबानं पुढं गेले. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. सगळे बरोबर. शेवटचा खांब अंगठ्याएवढा वर उचललेला होता.

पंचफुलाचा रेचा त्याच खांबाजवळ होता. आणि त्याच खांबाला लागून, खड्ड्याच्या काठावर पोचम्मा देवी होती.

हळद-कुंकवानं माखलेला घागरीएवढा दगड. जिन सुरू झाली त्या वर्षी बायकांनीच बसवलेला. मशीन कुणाला खाऊ नये म्हणून कामाला बसण्याआधी प्रत्येक बाई तिथं लोटाभर पाणी घालायची. रोज. अख्खा हंगाम. एकही बाई कोरडी बसत नसे.

खाली काळी माती. पाणी प्यायली की फुगते. घराच्या भिंती फोडते, विहिरीचे कठडे ढकलते. हे त्या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही. त्यांनी स्वतः त्या खांबाजवळ उभं राहून वर्षानुवर्षं बायकांना पाणी घालताना पाहिलं होतं.

नागोराव खाली बसले. नळीतलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं, ते कळलं नाही.

सुधाकररावांनी ऐकून घेतलं. पान चघळता चघळता थांबले. "खांब उतरवून घेतो गवंड्याकडून. पण पाणी?" त्यांनी हात झटकले. "बायकांले पाणी नोका घालू म्हणून कोन सांगन? मी नाई बा. एक बाई कामावर येनार नाई."

"मी सांगतो."

"तू?" सुधाकरराव आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी बुद्धाचे लोक. त्या म्हनतीन, याले आमच्या पोचम्माचं काय? अन् तू तं वरून नागोराव. दांडा तुह्याच हातात होता."

तरी नागोराव सांगायला गेले. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका चावडीपुढं थांबल्या होत्या. पोचम्माचं नाव त्यांच्या तोंडून निघालं आणि सखूबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. ती सगळ्यांत जुनी रेचेवाली.

"आपला दोष देवीवर ढकलून राह्यला का रे? सात साल तोंड नाई उघडलं न् आता उघडलं तं हे?"

नागोराव मागं फिरले. पंचफुलाची सून गया त्या घोळक्यात होती. यंदा ती पहिल्यांदा जिनवर बसणार होती. शेवटच्या खांबाजवळच्या रेच्यावर. सासूच्या जागेवर.

घरी येऊन त्यांनी ठोकळ्यांची जिन टोपल्यात ठेवली आणि वर फडकं टाकलं.

"कुठी?" कुसुमबाईंनी विचारलं.

"पंचफुलाच्या घरी."

कुसुमबाईंनी काही न बोलता सेलचं नवं पाकीट टोपल्यात ठेवलं.

पंचफुला अंगणात तुरी पाखडत होती. सूप डाव्या हातात, दुसरी कड मांडीवर टेकवलेली. तिनं वर पाहिलं. सूप थांबलं.

"कोन, नागोभाऊ? रस्ता चुकले का आज?"

"नाई बाई. आलोच."

"मंग बसा नं. उभ्यानं काऊन?"

ते बसले. त्यांनी फडकं काढलं. पंचफुला पुढं वाकली. आधी तिला रंगीत खेळणं दिसलं आणि ती हसली. मग तिला शाफ्ट दिसला. पट्टा दिसला. दोन चाकं दिसली. तिचं हसू जागच्या जागी वाळलं. तुटका हात तिनं पदराखाली ओढून घेतला.

"हे काऊन आनलं?"

"पाहा. मंग जे म्हनाचं ते म्हना."

त्यांनी पट्टी रिकाम्या चाकावर ठेवली. मोटार चालू केली. हात मागं बांधले. दोघं बघत राहिले. पट्टी केसभर सरकली. पुन्हा केसभर. मग चढली. वरची दांडी फिरायला लागली.

पंचफुलाच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो रडण्याचा नव्हता.

"तुमी दांडा ओढला नाई?"

"नाई."

"अन् मी..." ती थांबली. "मी 'सोड' म्हनलं नवतं?"

नागोराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांना कळेना.

"मले वाटे, मीच म्हनलं असन," पंचफुला म्हणाली. "बाजूच्या रेच्यावरच्या बाईशी बोलता बोलता. तोंडातून निघून गेलं असन. तुमी तं ऐकूनच ओढलं असन. म्हनून मी कधी तुमचं नाव नाई घेतलं. लोक घ्याचे. मी नाई घेतलं."

इतकी वर्षं ते ओढ्याकडून जात होते. त्या घरात आपल्या नावाला शिव्या असतील अशी त्यांची खात्री होती.

पंचफुलानं डाव्या हातानं पट्टी ओढून परत रिकाम्या चाकावर आणली. पुन्हा सरकताना पाहिली. एकदा, दोनदा, कितीदा तरी. मग घोडीच्या पायाखालची काड्यापेटी तिला दिसली. तिनं ती काढली. पट्टीचं सरकणं थांबलं.

"म्हंजे खांब," ती म्हणाली. ती त्या जिनवर अर्धं आयुष्य बसली होती. "कोनता खांब?"

नागोराव टोपल्यावरच्या फडक्याची घडी घालू लागले.

"कोनता खांब, नागोभाऊ?"

त्यांनी मान खाली घातली.

तुरीवर एक कोंबडी आली. पंचफुलानं तिला हाकललं नाही. काड्यापेटी तिच्या मुठीत चेपत गेली.

"शेवटला," ती स्वतःच म्हणाली. "माह्याजवळचा. पोचम्माचा." आणि जरा वेळानं, "समद्या एक लोटा घालाच्या. मी दोन घालो."

"बाई, तुमी..."

"जा आता तुमी."

"यंदा गया बसनार हाय तिथं. म्हनून आलो. नाई तं..."

"जा म्हनलं नं!"

नागोराव टोपलं तिथंच टाकून निघाले. आपण त्या बाईवरचा एक दगड काढला आणि दुसरा, त्याहून जड ठेवला, असं त्यांना वाटत राहिलं. घरी कुसुमबाईंनी विचारलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "जाले नाई पाहिजे होतं."

मुहूर्ताचा दिवस आला. गवंड्यानं खांब उतरवून पुन्हा पाण्याच्या नळीनं मापून पातळीत बसवला होता. मुनीमांनी नारळ फोडला. बायका पाण्याचे लोटे घेऊन शेवटच्या खांबाकडं निघाल्या, नेहमीसारख्या. पुढं सखूबाई. रांगेत गया. नागोराव रजा टाकून आले होते आणि फाटकाशी उभे होते. काय करणार होते, ते त्यांनाही माहीत नव्हतं. गयाला हात धरून ओढलं असतं कदाचित. पुढं काय झालं असतं, कोण जाणे.

तेवढ्यात पंचफुला फाटकातून आत आली. हात गेल्यापासून ती तिथं पहिल्यांदा येत होती. तिनं नागोरावांकडं पाहिलं नाही. ती सरळ रांगेच्या पुढं गेली आणि खांबापाशी उकिडवी बसली.

"चाल माय," ती म्हणाली.

आणि तिनं देवीला हात घातला.

बायका किंचाळल्या. कुणाचा तरी लोटा पडून खणखणला. मुनीम कचेरीतून धावत आले आणि उंबऱ्यातच थांबले. पंचफुलानं डाव्या हातानं दगड मुळापासून हलवला, मातीतून उचकटला, कमरेवर घेतला. खालून तुटक्या हाताचा टेकू दिला. हळद तिच्या लुगड्याला, पोटाला, गळ्याला लागली. दगड जड होता. ती वाकून, एक एक पाय टाकत चालत होती. कुणी मदतीला पुढं आलं नाही. हिंमतच नव्हती.

"पाप लागन तुले!" सखूबाई ओरडली. आवाज चिरकला.

"जे लागाचं ते लागून गेलं," पंचफुला म्हणाली आणि थांबलीसुद्धा नाही.

बाहेर विहिरीजवळ कडुलिंब होता. जिनपासून चांगला लांब. तिनं दगड त्याच्या बुंध्याशी उतरवला, पदरानं पुसला, सरळ केला. मग विहिरीच्या काठावरची बादली उचलली आणि सगळी देवीवर ओतली.

"इथं पे," ती म्हणाली. "पोटभर पे."

नागोराव फाटकाशीच उभे होते. देवाधर्माचं ते काही मानत नव्हते. पण त्या बाईकडं बघताना त्यांनी पायातल्या वहाणा काढून ठेवल्या.

बराच वेळ कुणी हललं नाही. मग गया निघाली. सासूजवळ गेली आणि लोटा दगडावर रिकामा केला. तिच्यामागं दुसरी गेली. मग तिसरी. रांग वळली.

सखूबाई मात्र खांबाजवळच उभी राहिली. जिथं देवी होती तिथं ओल्या मातीचा खड्डा होता. भरला लोटा तिच्या हातात हिंदकळत होता. तिला खाली ओतवेना, बाहेर जाववेना.

पंचफुला परत आत आली. हळदीनं पिवळी, घामेजलेली, धापा टाकत. तिनं सखूबाईच्या हातातून लोटा घेतला, तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या घटाघटा पिऊन टाकला.